‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमकं काय बंद आहे?

तलाठी कार्यालयात, बँकेत, रेशन दुकानात आणि आता मार्केट यार्डातल्या अडत दुकानातही एक वाक्य रोज कानावर पडतं: ‘सर्व्हर डाऊन आहे.’ ऐकणारा हात हलवत परत जातो, सांगणारा मोकळा होतो. या एका वाक्याखाली कितीतरी वेगवेगळे बिघाड झाकले जातात आणि त्यातले बरेच सर्व्हरचे नसतातच. कुठे केबल निघालेली असते, कुठे पत्ता बदललेला असतो, कुठे नाव सापडत नसतं, कुठे डिस्क भरलेली असते. प्रत्येक बिघाडाला स्वतःचं नाव आहे आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. ही नावं ज्याला माहीत असतात त्याचा खोळंबा तासांवरून मिनिटांवर येतो, हे सांगली-मिरज पट्ट्यात दुकानांचे आणि लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळताना मी सतत बघतो. म्हणून हा लेख दुकानमालकांसाठी, दिवाणजींसाठी आणि डिप्लोमा करून नुकत्याच या कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी.

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे धागा सुटणार नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं अडत दुकान. पुढच्या खोलीत तीन कॉम्प्युटर, काट्याजवळ एक, मागच्या खोलीत कपाटाशेजारी सर्व्हर आणि एक प्रिंटर. हंगामात शेतकऱ्याचा माल उतरतो, सौदा होतो, वजन होतं आणि दिवाणजी पट्टी करतात: पोती किती, वजन किती, दर काय, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती. ती पट्टी छापून बाहेर येईपर्यंत ती माहिती ज्या टप्प्यांतून जाते, त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर या लेखातला एकेक शब्द उभा आहे.

सर्व्हर आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिम

जो कॉम्प्युटर इतर कॉम्प्युटरांच्या मागण्या ऐकतो आणि पुरवतो, तो सर्व्हर. मागणी करणारा तो क्लायंट. दिवाणजींच्या समोरचा कॉम्प्युटर क्लायंट, खतावणी जिथे साठवली आहे तो सर्व्हर. साधा डेस्कटॉपसुद्धा सर्व्हरचं काम करू शकतो. सर्व्हर म्हणून विकलं जाणारं यंत्र महाग असतं ते चोवीस तास चालायच्या तयारीमुळे: एक पॉवर सप्लाय गेला तर दुसरा असतो, मेमरीतली बारीक चूक स्वतः पकडून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम असते, डिस्क चालू यंत्रातून काढून बदलता येते.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि आपले प्रोग्रॅम यांच्या मधला थर. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी, प्रोसेसरचा वेळ कुणाला आधी, डिस्कवर काय कुठे लिहायचं, नेटवर्क कार्डातून आलेला डेटा कुणाचा, हे सगळं कर्नल ठरवतो. काटेकोर बोलायचं तर लिनक्स हे फक्त कर्नलचं नाव. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने तो लिहायला घेतला. त्यामागे परंपरा होती ती १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेल्या युनिक्सची. कर्नलभोवती बाकीची साधनं बांधून जो तयार संच मिळतो त्याला डिस्ट्रिब्युशन किंवा बोलताना नुसतं ‘डिस्ट्रो’ म्हणतात: डेबियन, उबुंटू, रेड हॅट. दुसरीकडे मायक्रोसॉफ्टची विंडोज सर्व्हर ही मालिका आहे, जिची मुळं १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये आहेत.

कोणती घ्यावी? माझं मत सरळ आहे. तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालत असेल तर विंडोज. वेबसाइट, फाइल साठवण, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग असलं काम असेल तर लिनक्स. पैसे वाचतात आणि यंत्र वर्षानुवर्षं मुकाट चालतं. मात्र पाच कॉम्प्युटरांच्या दुकानाला कुणी विंडोज सर्व्हर गळ्यात मारत असेल तर एकदा विचारा, नेमकं कशासाठी. साध्या विंडोज ११ वर एका वेळी २० कॉम्प्युटर शेअर केलेल्या फाइल वापरू शकतात. पाचांना ते पुष्कळ झालं. विंडोज सर्व्हर लागतो तो दिवाणजी, मालक, वसुलीचा माणूस असे अनेक जण एकाच वेळी रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुरून त्याचा पडदा आपल्यासमोर उघडून, त्याच यंत्रावर काम करणार असतील तेव्हा, किंवा सगळ्यांचे लॉगिन एका जागेवरून सांभाळणारी ॲक्टिव्ह डिरेक्टरी हवी असेल तेव्हा. आणि तेव्हा सर्व्हरच्या लायसन्सशिवाय प्रत्येक वापरणाऱ्यामागे किंवा यंत्रामागे आणखी एक लायसन्स लागतं, ज्याला कॅल म्हणतात. कोटेशनमध्ये कॅलची ओळ नसेल तर ती नंतर येणार, हे धरून चाला.

आता एक शब्द असा, जो कळला की ‘सर्व्हर डाऊन’चा पहिला पडदा सरकतो: सर्व्हिस. पडद्यावर काही न दाखवता मागे सतत चालणारा प्रोग्रॅम म्हणजे सर्व्हिस. लिनक्सवाले त्याला डीमन म्हणतात. डेटाबेस, म्हणजे खतावणीची माहिती साठवून मागेल तशी देणारा प्रोग्रॅम, ही एक सर्व्हिस, प्रिंटचं काम रांगेत लावणारा स्पूलर ही दुसरी, फाइल शेअरिंग तिसरी. यंत्र सुरू आहे, पंखा फिरतोय, माउस हलतोय, तरीही डेटाबेसची सर्व्हिस थांबलेली असू शकते. मग पुढच्या खोलीत सगळे ओरडतात आणि मागच्या खोलीत यंत्र निवांत दिसतं. इथे तीच एक सर्व्हिस पुन्हा सुरू केली की काम भागतं. आख्खं यंत्र बंद-चालू केलं तर सर्व्हिस सुरू होईलही, पण त्या क्षणी कुणाची पट्टी अर्धी लिहिली गेली असेल तर डेटा बिघडायची शक्यता उगाच ओढवून घेतली जाते.

सर्व्हिस का थांबली, हे लॉगमध्ये लिहिलेलं असतं. लॉग म्हणजे यंत्राने वेळेसकट ठेवलेली नोंद: अमुक वाजता अमुक घडलं. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा, लिनक्समध्ये बहुतेक नोंदी ‘व्हार-लॉग’ या फोल्डरात. दुरुस्तीला आलेल्या माणसाने लॉग न बघताच फॉरमॅट करायची भाषा काढली तर त्याला थांबवा.

परवानग्यांचंही इथेच उरकून घेऊ. लिनक्सवर रूट आणि विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटर हे सर्वाधिकारी खातं. रोजचं काम त्या खात्यातून कधीही करू नये, कारण चुकून उघडलेल्या एका घातक फाइललाही मग तेच सर्वाधिकार मिळतात.

तार, स्विच आणि आयपी पत्ता

प्रत्येक कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो, तो मॅक ॲड्रेस. ४८ बिटांचा असतो (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक), त्यातला पहिला अर्धा भाग साधारणपणे कार्ड बनवणाऱ्या कंपनीची ओळख सांगतो. सगळ्या केबल ज्या डबीत येऊन मिळतात तो स्विच. कोणत्या भोकात कोणता मॅक ॲड्रेस आहे हे स्विच आपोआप शिकतो आणि ज्याचा डेटा त्यालाच देतो. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. गोदाम त्याहून लांब असेल तर मधे आणखी एक स्विच किंवा थेट फायबर टाकायची. गोदामात केबल उघडी टाकू नका, पाइपातून न्या. उंदरांनी कुरतडलेली केबल धड तुटतही नाही, अर्धवट चालत राहते आणि तो बिघाड शोधणं सगळ्यात त्रासाचं.

हे सगळं जोडून जे दुकानापुरतं जाळं होतं ते लॅन. या लॅनवर एकमेकांना शोधायला मॅक ॲड्रेस पुरत नाही, कारण तो यंत्राबरोबर फिरतो, त्यावरून यंत्र कोणत्या जाळ्यात आहे ते कळत नाही. त्यासाठी आयपी ॲड्रेस. १९२.१६८.१.१० असे ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. ही झाली आयपीची चौथी आवृत्ती, आयपीव्ही४. तिच्यात एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते मावतात. जगाला ते पुरले नाहीत, म्हणून १२८ बिटांचा आयपीव्ही६ आला. आपल्या मोबाइल कंपन्या तो मोठ्या प्रमाणावर वापरतात, पण दुकानाच्या आतल्या जाळ्यात अजून चौथ्या आवृत्तीचंच राज्य आहे.

पत्त्याच्या शेजारी नेहमी एक दुसरी संख्या दिसते: २५५.२५५.२५५.०. हा सबनेट मास्क. बहुतेक जण तो न बघता पुढे जातात, आणि अर्धी डोकेदुखी तिथेच असते. पत्त्याचा किती भाग जाळ्याचा आणि किती भाग यंत्राचा, हे मास्क सांगतो. २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे जाळ्याचे, शेवटचा यंत्राचा. म्हणजे १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.१.२५ हे एकाच जाळ्यातले. ते एकमेकांशी थेट बोलतात. १९२.१६८.२९.२५ मात्र परक्या जाळ्यातला. अशा एका जाळ्यात २५६ पत्ते असतात, पहिला जाळ्यासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव, वापरायला उरतात २५४. कागदोपत्री हाच मास्क ‘स्लॅश २४’ असा लिहिलेला दिसेल, कारण पत्त्याच्या ३२ बिटांपैकी २४ बिट जाळ्याचे.

पत्ता कुणी द्यायचा? दोन रीती. हाताने कायमचा टाकला तर स्टॅटिक. नाहीतर राउटरमधली डीएचसीपी नावाची सेवा आपल्याजवळच्या साठ्यातून पत्ता देते, आणि तोही मुदतीवर. मुदतीला लीज म्हणतात. क्लायंटांना डीएचसीपी ठीक आहे. सर्व्हर आणि प्रिंटर यांना स्टॅटिकच हवा, कारण सर्व्हरचा पत्ता बदलला की बाकीचे सगळे त्याला जुन्या ठिकाणी शोधत बसतात. मात्र स्टॅटिक पत्ता डीएचसीपीच्या साठ्याबाहेरचा घ्या. साठा १०० ते २०० असेल तर सर्व्हरला १०, प्रिंटरला २० असं काहीतरी. साठ्यातलाच घेतला तर एखाद्या दिवशी राउटर तोच पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला देतो आणि दोघांचं भांडण लागतं. याला आयपी कॉन्फ्लिक्ट म्हणतात. लक्षण ठरलेलं: चालतं, बंद पडतं, परत चालतं.

आणखी एक आकडा पाठ करून ठेवा: १६९.२५४. तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता या दोन आकड्यांनी सुरू होत असेल तर त्याचा अर्थ, डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही म्हणून यंत्राने स्वतःच स्वतःला पत्ता लावून घेतला. तेव्हा सर्व्हरकडे बघायचंच नाही. केबल, स्विच, राउटर या क्रमाने बघायचं.

दुकानाबाहेर पडताना

आपल्या जाळ्याबाहेरचं सगळं ज्याच्या हाती सोपवायचं तो गेटवे, म्हणजे दुकानातला राउटर. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात. १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ हेसुद्धा. हे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत, त्यामुळे यार्डातल्या शंभर दुकानांत एकच १९२.१६८.१.१० असला तरी कुणाचं कुणाला आडवं येत नाही. बाहेर जाताना राउटर आपला सार्वजनिक पत्ता लावतो आणि आलेलं उत्तर बरोबर त्या आतल्या कॉम्प्युटरला पोचवतो. याचं नाव नॅट.

तासगाव किंवा कवठे महांकाळकडचे बेदाणावाले बागायतदार मला हमखास विचारतात: शेडवर सिमकार्डाचा राउटर लावला, कॅमेरा बसवला, शेडवरच्या मोबाइलवर चित्र दिसतं, पण घरून त्या पत्त्यावर जोडायला गेलं तर काहीच नाही. कारण सार्वजनिक पत्ते अपुरे असल्याने कंपन्या असंख्य ग्राहकांना मिळून थोडे पत्ते वापरतात. तुमच्या राउटरला मिळालेला पत्ताही मग खासगीच असतो, नॅटच्या वर आणखी एक नॅट, ज्याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून येणाऱ्याला तुमच्या शेडपर्यंत वाटच उरत नाही. यावर उपाय दोन: कंपनीकडे जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक सार्वजनिक आयपी घ्यायचा, किंवा कॅमेऱ्याने स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करायची आणि ॲपने तिथून चित्र घ्यायचं. बाजारातले बहुतेक नवे कॅमेरे हा दुसरा मार्ग वापरतात.

मग येतं डीएनएस. माणसाला नावं लक्षात राहतात, यंत्राला आकडे लागतात. जीएसटीच्या साइटचं नाव टाकलं की कॉम्प्युटर आधी डीएनएस सर्व्हरला विचारतो, या नावाचा आयपी काय, आणि उत्तर मिळाल्यावरच पुढची हालचाल. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये लिहून ती सगळीकडे वाटली जायची. यंत्रं वाढली तशी ती फाइल आवरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. मिळालेलं उत्तर किती वेळ जपून ठेवायचं, याची मुदत टीटीएल या आकड्यात असते. वेबसाइट नव्या सर्व्हरवर नेली की काहींना नवी दिसते, काहींना जुनीच, त्याचं कारण हेच.

डीएनएस बिघडलं की सगळं इंटरनेट गेल्यासारखं भासतं, पण आकड्याने हाक मारली तर समोरून उत्तर येतं. हा फरक ध्यानात असला की ब्रॉडबँडवाल्याशी फोनवर बोलताना आवाज आपोआप ठाम होतो.

पोर्ट, फायरवॉल आणि उघडी राहिलेली वाट

आयपी पत्त्याने डेटा यंत्रापर्यंत आला. पण त्या एका यंत्रावर डेटाबेस आहे, फाइल शेअरिंग आहे, रिमोट डेस्कटॉप आहे. आलेला डेटा यातल्या कुणाचा? सांगली एसटी स्टँडवर पोचलेल्या प्रवाशाला गाडी मिळायची तर फलाट क्रमांक ठाऊक हवा. तसा पोर्ट क्रमांक. ० ते ६५५३५ पर्यंत पोर्ट असतात आणि नेहमीच्या सेवांचे ठरून गेलेले असतात. साध्या वेबसाइटला ८०, सुरक्षित वेबसाइटला ४४३, डीएनएसला ५३, विंडोज फाइल शेअरिंगला ४४५, रिमोट डेस्कटॉपला ३३८९, आणि लिनक्स सर्व्हरवर दुरून काम करायच्या एसएसएचला २२. (स्विचवर केबल खोचायच्या भोकालाही पोर्टच म्हणतात, फोनवर बोलताना कोणता पोर्ट ते स्पष्ट करा, नाहीतर अर्धा तास वाया जातो.)

डेटा पाठवायच्या पद्धतीही दोन. टीसीपी आधी समोरच्याशी जोडणी पक्की करतो, प्रत्येक तुकड्याची पोच घेतो, हरवलेला पुन्हा पाठवतो. खतावणीतला एक आकडाही गळून चालत नाही, तिथे टीसीपीच. यूडीपी पोच घेत नाही, पाठवून मोकळा होतो. व्हिडिओ कॉलमध्ये एखादा तुकडा हरवला तर चित्र क्षणभर फाटतं, पण बोलणं अडत नाही, म्हणून तिथे यूडीपी.

कोणत्या पोर्टवर कुणाला येऊ द्यायचं, हे ठरवणारी नियमावली म्हणजे फायरवॉल. ती राउटरमध्ये असते आणि विंडोजमध्येही असते.

इथे जरा थांबून सांगतो, कारण यात लोकांचं खरंखुरं नुकसान होतं. मालकांना घरून हिशेब बघायचा असतो. कुणीतरी येतं, राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट बाहेरून थेट सर्व्हरकडे वळवून देतं, ज्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात, आणि पासवर्ड ठेवलेला असतो दुकानाचं नाव आणि १२३. इंटरनेटवरच्या प्रत्येक सार्वजनिक पत्त्यावर कोणते पोर्ट उघडे आहेत हे तपासणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. सांगलीतलं छोटं दुकान कोण शोधतंय, असं म्हणून चालत नाही. शोधणारा माणूस नसतोच, प्रोग्रॅम असतो आणि त्याला लहान-मोठं कळत नाही. तो हजारो पासवर्ड लावून बघतो. एक लागला की आत येऊन सगळ्या फाइल कुलूपबंद करतो आणि सोडवायला पैसे मागतो. हे रॅन्समवेअर.

१२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेलं वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर फाइल शेअरिंगच्या ४४५ पोर्टमधून शिरलं होतं. विंडोजमधला तो दोष बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिली होती. बाधित झालेली बहुतेक यंत्रं ती दुरुस्ती न घेतलेली होती. म्हणून अपडेट पुढे ढकलत राहू नका, आणि जिचा आधार संपलाय, म्हणजे जिला कंपनी आता दुरुस्त्या देत नाही, अशी ऑपरेटिंग सिस्टिम सर्व्हरवर ठेवू नका. विंडोज सर्व्हर २०१२ चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, तरी ती यंत्रं अजून दिसतात.

घरून काम करायचं असेल तर व्हीपीएन वापरा. घरचा कॉम्प्युटर आणि दुकानाचं जाळं यांच्यात कूटबद्ध जोडणी तयार होते, ओळख पटल्याशिवाय आत येता येत नाही आणि ३३८९ जगाला दिसत नाही. आज बऱ्याच राउटरमध्ये ही सोय आधीच असते, फक्त कुणी चालू केलेली नसते.

डिस्क, बॅकअप आणि कृष्णेचं पाणी

रेड हा शब्द कोटेशनमध्ये हमखास येतो. रेड १ म्हणजे दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहायचं. एक मेली तरी काम चालू राहतं. उत्तम सोय आहे, जरूर घ्या. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते, रॅन्समवेअर दोन्ही डिस्क एकदमच कुलूपबंद करतं, आणि पाणी तर दोन्हींत एकदमच शिरतं.

पाण्याचं आम्हा सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड पाण्याखाली होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. तळमजल्यावर, टेबलाखाली ठेवलेला सर्व्हर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क, दोन्ही एकाच चिखलात जातात. म्हणून या गावात बॅकअपचा नियम मी जास्तच कडकपणे पाळायला लावतो: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. दुसरं ठिकाण म्हणजे शेजारचं दुकान नव्हे. पूररेषेच्या बाहेर, मिरजेत पाहुण्यांकडे किंवा क्लाउडवर. क्लाउड म्हणजे भाड्याने घेतलेली दुसऱ्या कुणाच्या तरी डेटा सेंटरमधली जागा. तिथे एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने अनेक स्वतंत्र यंत्रं उभी केलेली असतात, त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि तुम्हाला त्यातलं एक मिळतं.

बाहेरची डिस्क बॅकअप झाला की सर्व्हरपासून सोडवून ठेवा. कायम जोडलेली असेल तर रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही. आणि वर्षातून निदान एकदा, पावसाळ्याच्या आधी, तो बॅकअप वेगळ्या यंत्रावर उतरवून उघडतो का ते बघा.

फोनवरून बिघाड शोधताना

आता हे शब्द कामाला लावू. हंगामातली सकाळ, दिवाणजींचा फोन: “दादा, सर्व्हर गेलाय बघा. पट्ट्या निघंनात, बाहेर शेतकरी खोळंबलेत.”

मी पहिल्यांदा विचारतो, “दिवाणजी, एकट्या तुमच्याच कॉम्प्युटरवर की सगळ्यांच्या?” एकट्याचा असेल तर सर्व्हर ठणठणीत आहे, ते शोधायचं ठिकाण नव्हे. सगळ्यांचा असेल तर पुढचा प्रश्न: “इंटरनेट चालतंय?”

“इंटरनेट हाय की. काल कंपनीचा माणूस येऊन नवा राउटर बसवून गेला, झक्कास चालतंय.”

इथे कान टवकारायचे. दिवाणजींना काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, ‘आयपीकॉन्फिग’ हा आदेश द्यायला सांगतो. ते आकडे वाचतात: १९२.१६८.२९.१४, गेटवे १९२.१६८.२९.१. सर्व्हरचा हाताने टाकलेला पत्ता मात्र १९२.१६८.१.१०. तिसरा आकडा जुळत नाही. नव्या राउटरने सगळ्या क्लायंटांना नव्या जाळ्यातले पत्ते दिले, सर्व्हर जुन्याच जाळ्यात राहिला. मास्क २५५.२५५.२५५.० आहे, त्यामुळे दिवाणजींचा कॉम्प्युटर सर्व्हरला परका समजतो आणि त्याच्याकडे जाणारा डेटा गेटवेकडे ढकलतो. गेटवेला तो पत्ता ठाऊक नाही. इंटरनेट चालतं, पट्टी निघत नाही. यंत्र, डिस्क, सॉफ्टवेअर, कशालाही धक्का लागलेला नाही. राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.१.१ करून डीएचसीपीचा साठा पूर्वीसारखा बांधला, क्लायंट एकदा बंद-चालू केले की प्रश्न मिटतो.

कधी कधी तरीही मिटत नाही. पिंग करून बघायचं. पिंग म्हणजे समोरच्या पत्त्याला छोटी हाक मारून उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते मोजणं. हा प्रोग्रॅम १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी लिहिला आणि आजही रोज पहिला हात त्यावरच जातो. आधी गेटवेला पिंग, मग सर्व्हरच्या आकड्याला, मग सर्व्हरच्या नावाला. गेटवे उत्तर देत नाही, तर तार किंवा स्विच. आकडा उत्तर देतो पण नाव देत नाही, तर नाव शोधण्यात बिघाड. दोन्ही उत्तर देतात आणि तरी सॉफ्टवेअर जोडत नाही, तर पोर्ट अडलाय किंवा सर्व्हिस बंद आहे. मात्र सर्व्हरकडून पिंगचं उत्तर आलं नाही म्हणून लगेच तो मेला समजू नका. विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगच अडवते. नवा राउटर लागला की विंडोज त्याला अनोळखी जाळं समजतं आणि ‘पब्लिक’ या कप्प्यात टाकतं, मग फाइल शेअरिंगही अडतं. सेटिंगमध्ये ते ‘प्रायव्हेट’ केलं की वाट मोकळी होते. राउटर बदलल्यावर या दोन्ही गोष्टी एकदम होतात, म्हणून पहिली दुरुस्त झाली तरी दुसरी तपासायचीच.

ही चौकशी फोनवर सरसर व्हायची असेल तर माहिती आधी लिहिलेली हवी. एका कागदावर सर्व्हरचा आणि प्रिंटरचा आयपी, मास्क, गेटवे, डीएचसीपीचा साठा, ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती, डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव, ती कोणत्या पोर्टवर ऐकते तो क्रमांक, शेवटचा बॅकअप कुठे आहे ते, आणि ब्रॉडबँडचा ग्राहक क्रमांक लिहा. राउटर बसवायला कुणी आलं की काम सुरू करायच्या आधी हा कागद त्याच्यासमोर ठेवा आणि आतला पत्ता जुनाच ठेवायला सांगा. एक प्रत सर्व्हरच्या कपाटाला आतून चिकटवा, दुसरी मालकांच्या घरी असू द्या. पासवर्ड मात्र त्या कागदावर नकोत. ते मालकांकडे बंद पाकिटात.